गावच्या वाचनालयात सुपरहिरो कॉमिक्समधील पहिली समलिंगी पात्रे कशी वाचावीत

आमच्या वाचनालयाला कॉमिक्सचे नावीन्य नाही. मागच्या कपाटाच्या खालच्या फळीवर इंद्रजालमधल्या वेताळाचे पिवळे पडलेले अंक अजून आहेत, आणि एस. टी. स्टँडवरच्या दुकानातून भाड्याने आणलेल्या नागराज आणि सुपर कमांडो ध्रुवच्या हिंदी अंकांवर ज्यांचे बालपण गेले, ती माणसे आज वाचनालयाच्या कार्यकारी मंडळात बसतात. म्हणून यवतमाळ जिल्ह्यातल्या या गावात अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्समधील पहिल्या समलिंगी पात्रांवर चार संध्याकाळींचे वाचन घ्यायचे ठरले, तेव्हा विषय पटवून देणे जड जाईल असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात फसलो तो क्रमात. उत्साहाच्या भरात पहिल्याच संध्याकाळी मी ‘अल्फा फ्लाइट’ मालिकेचा १९९२चा तो गाजलेला अंक पडद्यावर लावला. नॉर्थस्टार या नायकाने आपण समलिंगी असल्याचे सांगितले, आणि बारावीतला एक मुलगा शांतपणे म्हणाला, ‘‘बस, एवढंच? याच्यात नवल काय हाय सर?’’ त्याचे चूक नव्हते. १९५४पासूनची आधीची अडतीस वर्षे ज्याने पाहिलीच नाहीत, त्याला ते एक वाक्य मोठे का वाटावे? दुसऱ्या खेपेला जी रीत जमली, ती असे वाचन घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी येथे लिहीत आहे.

वेळ आधी पाहावी. कापसाच्या वेचणीत कोणी फिरकत नाही. तूर काढून झाली आणि दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपल्या, की एप्रिलमध्ये ऊन उतरल्यावर साडेसातच्या सुमारास बसावे. लाईन जाणार हे गृहीत धरून लॅपटॉप आधीच चार्ज करून ठेवावा. अंक डिजिटल स्वरूपात किंवा संग्रहित खंडांत विकत घ्यावेत, त्यांच्या प्रती काढून वाटू नयेत, आणि हवा तो अंक कोणत्या खंडात आहे हे पैसे देण्यापूर्वी तपासावे, कारण गाजलेल्या मालिकांचेही सगळे अंक सहज मिळत नाहीत. मजकूर इंग्रजी असतो, याची धास्ती घेण्याचे कारण नाही. पोथी लावतो तसे लावावे: एकाने फुग्यातला मजकूर वाचावा, दुसऱ्याने त्याचा अर्थ सांगावा, आणि अर्थ सांगणाऱ्याने पदरचे काही घातले तर ऐकणाऱ्यांनी त्याला तेथेच अडवावे. आपल्याकडच्या श्रोत्यांना ही सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे.

शब्दही बैठकीपूर्वीच ठरवावेत. ‘समलिंगी’ हा शब्द सगळ्यांना कळतो, तरुण मुले ‘गे’ म्हणतात, दोन्ही चालतात. मात्र समलिंगी म्हणजे तृतीयपंथी नव्हे, हे सुरुवातीलाच स्वच्छ सांगून टाकावे; कारण आपल्याकडे या दोन्हींची एकच मोट बांधली जाते, आणि मग पुढची सगळी पात्रे चुकीच्या चष्म्यातून पाहिली जातात. कोणीतरी कायद्याविषयी विचारतोच. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८च्या निकालापासून सज्ञान व्यक्तींचे परस्पर संमतीचे समलिंगी संबंध भारतात गुन्हा नाहीत; समलिंगी विवाहाला मात्र त्याच न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ला मान्यता देण्याचे नाकारले. एवढे सांगावे आणि कॉमिक्सकडे वळावे.

पहिली संध्याकाळ पात्रांना न देता नियमांना द्यावी. १९५४मध्ये फ्रेड्रिक वेर्थम या मनोविकारतज्ज्ञाने कॉमिक्समुळे मुले बिघडतात असे प्रतिपादन करणारे पुस्तक लिहिले. बॅटमन आणि रॉबिन यांचे एकत्र राहणे हे दोन समलिंगी पुरुषांच्या स्वप्नासारखे आहे, असे त्यात म्हटले होते. त्याच वर्षी अमेरिकन सिनेटच्या उपसमितीने सुनावण्या घेतल्या आणि सरकारी बंधन येण्याआधी प्रकाशकांनी स्वतःच ‘कॉमिक्स कोड’ नावाची आचारसंहिता उभी केली. तिच्यात ‘लैंगिक विकृती’ आणि तिचा नुसता संकेतसुद्धा सक्त मना होता, आणि त्या काळच्या समजुतीप्रमाणे समलिंगी माणूस त्या शब्दात आपोआप बसत होता. संमत अंकाच्या मुखपृष्ठावर टपाल तिकिटासारखा एक छोटा शिक्का छापला जाई. तो शिक्का श्रोत्यांना मोठा करून दाखवावा आणि पुढच्या प्रत्येक अंकावर तो आहे की नाही हे पाहण्याचे काम शाळकरी मुलांकडे सोपवावे. मुले ते चोख करतात.

वेर्थमला खलनायक ठरवण्याची घाई करू नये. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात त्याने कृष्णवर्णीय गरिबांसाठी स्वस्त मानसोपचार केंद्र चालवले होते, आणि शाळांतील वर्णभेदाविरुद्धच्या न्यायालयीन लढ्यात त्याच्या अभ्यासाचा उपयोग झाला होता. पण त्याची कागदपत्रे अभ्यासकांना खुली झाल्यानंतर कॅरल टिली या संशोधिकेने २०१२मध्ये दाखवून दिले, की पुस्तकातले पुरावे त्याने वाकवले होते. बॅटमनविषयी बोलणारा म्हणून दाखवलेला एक तरुण प्रत्यक्षात दोन वेगळे तरुण होते, आणि आपल्याला बॅटमनपेक्षा टार्झन व सब-मरीनर हे नायक अधिक जवळचे वाटतात हे त्यांचे म्हणणे त्याने गाळले होते. हा भाग सांगताना आमच्या बैठकीत सर्वांत जास्त चुळबुळ झाली. पंचनाम्यात दोघांचे जबाब एकाच्या नावावर घालण्याचा प्रकार गावाला समजावून सांगावा लागत नाही.

नियम कळले, की दुसऱ्या संध्याकाळी वाचनाची युक्ती शिकवावी. वहीच्या पुठ्ठ्याची दोन बोटे रुंदीची पट्टी कापावी. पान दाखवताना आधी सगळे फुगे पट्टीने झाकावेत आणि नुसत्या चित्रावरून कोण कोणाचे काय लागतो ते ओळखायला सांगावे: कोण कोणाच्या किती जवळ उभा आहे, कोणाचा हात कोठे आहे, घरात खुर्च्या किती आहेत. मग चित्र झाकून फक्त मजकूर वाचावा. दोन्हींत फरक पडतो तेथे थांबावे, कारण आचारसंहितेच्या काळात लेखकांनी जे सांगायचे ते बहुधा त्याच फटीत ठेवले आहे.

या सरावासाठी माझ्या मते आर्नी रॉथइतके चांगले पात्र नाही, आणि त्याच्यावर एक अख्खी संध्याकाळ खर्च झाली तरी हरकत नाही. जे. एम. डीमॅटिस यांच्या लेखणीतून आणि माइक झेक यांच्या चित्रांतून तो १९८२मध्ये ‘कॅप्टन अमेरिका’च्या २७०व्या अंकाच्या आसपास समोर येतो. स्टीव्ह रॉजर्स, म्हणजेच कॅप्टन अमेरिका, याचा हा लहानपणचा दोस्त. रॉजर्स बर्फात गोठून राहिल्यामुळे तरुणच राहिला आणि आर्नी मात्र रीतसर म्हातारा झाला. टक्कल पडलेला, पोट सुटलेला हा गृहस्थ मित्राकडे मदत मागायला येतो, कारण त्याच्या घरात राहणारा मायकेल शत्रूच्या तावडीत सापडला आहे. मायकेल त्याचा कोण? अंक म्हणतो, एका घरात राहणारा सोबती. पट्टी लावून आर्नीचा चेहरा पाहिला, की खोलीचे भाडे वाटून घेणाऱ्यासाठी कोणी असे कासावीस होत नाही हे लहान मुलालाही कळते. पुढे १९८४च्या २९६व्या अंकात खलनायक आर्नीला विदूषकासारखा रंग फासून मंचावर उभे करतो आणि स्वतःचीच निंदा करायला लावतो. कॅप्टन अमेरिका त्याला धीर देताना सांगतो, की हे लोक माझे बर्नीवरचे प्रेम जसे नासवू शकत नाहीत, तसे तुझे मायकेलवरचे प्रेमही नासवू शकत नाहीत. बर्नी ही त्याची वाग्दत्त वधू. झेंड्याचे कपडे घातलेला देशाचा नायक दोन्ही प्रेमे एका तागडीत टाकतो आणि ‘समलिंगी’ हा शब्द मात्र कोठेही येत नाही. आमच्याकडे हे पान तीनदा वाचावे लागले. तिसऱ्यांदा वाचणारे सत्तरीतले सेवानिवृत्त तलाठी होते आणि त्यांनी ते स्वतः मागून घेतले.

आर्नीच्या शेजारी एक उलटे उदाहरण ठेवावे, म्हणजे ‘शिक्का वाईट, शिक्क्याबाहेरचे सगळे चांगले’ असा सोपा समज होणार नाही. १९८०मध्ये मार्वल या प्रकाशनसंस्थेने हल्कच्या एका मासिकात समलिंगी पुरुष उघडपणे दाखवले. मासिकाचा आकार वेगळा असल्याने त्याला आचारसंहिता लागू नव्हती. मिळालेल्या या मोकळीकीत दाखवले काय, तर स्नानगृहात ब्रूस बॅनरवर, म्हणजे माणसाच्या रूपातल्या हल्कवर, बलात्कार करू पाहणारे दोघे जण. ते पान पडद्यावर लावू नये, तोंडी सांगितले तरी पुरते. शिक्क्याशिवाय निघालेल्या ‘वॉचमेन’मध्ये (१९८६-८७) सिल्हूट ही नायिका दुसऱ्या स्त्रीसोबत राहते म्हणून तिच्या संघातून काढली जाते आणि नंतर मारली जाते, तिथे लेखकाचा रोख संघाच्या ढोंगावर आहे, हा भेद मोठ्यांच्या गटात जरूर काढावा.

मिस्टिक आणि डेस्टिनी यांच्याकडे जाताना थोडे हसण्याची तयारी ठेवावी. क्रिस क्लेरमाँट यांनी एक्स-मेन या नायकसंघाच्या कथांत या दोघींना एकत्र राहणाऱ्या, रोग नावाच्या मुलीला मिळून वाढवणाऱ्या स्त्रिया म्हणून रंगवले. डेस्टिनी १९८१च्या १४१व्या अंकात प्रथम दिसते. नाते सांगण्याची मुभा नव्हती, म्हणून १९९०च्या एका अंकात त्यांनी ‘लेमन’ हा कधीच वापरातून गेलेला जुना इंग्रजी शब्द योजला. त्याचा अर्थ प्रियकर किंवा प्रेयसी. ‘‘म्हंजे निंबू?’’ असे आमच्याकडे लगेच कोणीतरी विचारले, आणि त्या काळच्या अमेरिकन वाचकांपैकी पुष्कळांनी तो शब्द न समजताच पान उलटले असणार, हे मी त्या हशातच सांगून टाकले. येथे श्रोत्यांना एक काम द्यावे: ‘लेमन’साठी मराठी शब्द सुचवा, असा की जाणत्याला कळेल आणि तपासनिसाच्या नजरेतून निसटेल. ‘सखी’, ‘जिवलग’, ‘जिवाची’ असे शब्द आले. कोणता शब्द किती झाकतो आणि किती उघडे करतो यावर झालेली चर्चा माझ्या टिपणांपेक्षा सरस होती.

तिसरी संध्याकाळ नॉर्थस्टारची. येथे अंक काळाच्या क्रमानेच लावावेत, एकही वगळू नये. जाँ-पॉल बोबिए हा कॅनडातल्या क्वेबेकचा फ्रेंचभाषक, बर्फावरच्या घसरशर्यतींचा खेळाडू, प्रचंड वेगाने उडणारा, तोंडाचा फटकळ. १९७९मध्ये क्लेरमाँट आणि जॉन बर्न यांनी त्याला एक्स-मेनच्या १२०व्या अंकात आणले. १९८३पासून ‘अल्फा फ्लाइट’ ही स्वतंत्र मालिका लिहिताना बर्न यांच्या मनात तो समलिंगी असल्याचे पक्के होते, पण प्रकाशनाच्या धोरणामुळे तसे म्हणता येत नव्हते. मग पट्टीची युक्ती पुन्हा काढावी: त्याच्यामागे लागणाऱ्या मुलींकडे त्याचे लक्ष कसे नसते, सातव्या अंकात रेमाँद या जुन्या स्नेह्याजवळ त्याचा नेहमीचा ताठा कसा उतरतो. एका मुलीने विचारले, ‘‘हा गडी एवढा उडते, मंग बोलाले काऊन भेते?’’ भीत तो नाही, त्याला लिहिणाऱ्यांच्या हाताला धरले आहे, हे उत्तर तिला लगेच पटले नाही, आणि ते पटेपर्यंत पुढे जाऊ नये. पात्राचे मौन आणि कंपनीचे मौन वेगवेगळे करता येणे, हेच या वाचनात कमवायचे आहे.

बर्न यांच्यानंतर बिल मँटलो आले. त्यांच्या अंकांत नॉर्थस्टार खोकू लागतो, खंगत जातो. तो एड्सने मरणार असा बेत होता असे सांगितले जाते. वरून तो बदलला गेला, आणि १९८७च्या ५०व्या अंकात निष्पन्न काय होते, तर तो अर्धा मानव आणि अर्धा एल्फ, म्हणजे आपल्या यक्ष-गंधर्वांसारख्या जातीचा असून, आपल्या लोकांपासून दूर राहिल्याने आजारी आहे. इंग्रजीत परीला जो शब्द आहे तोच समलिंगी पुरुषांना हिणवायला वापरत, हे सांगितल्याशिवाय त्या पानाची कडू गंमत कळत नाही.

आजार आणि समलिंगी माणूस ही जोडी यापुढे वारंवार येते, म्हणून तेथे दहा मिनिटे थांबावे. १९८८मध्ये डीसी या दुसऱ्या मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या ‘मिलेनियम’ मालिकेत स्टीव्ह एंगलहार्ट आणि जो स्टॅटन यांनी एक्स्त्रान्यो नावाचा पेरू देशातला मांत्रिक आणला. भडक कपडे, हातवारे, स्वतःला ‘मावशी’ म्हणवून घेणे. नावाचाच स्पॅनिश अर्थ ‘विचित्र’. समलिंगी हा शब्द मात्र त्याच्याविषयीही उच्चारलेला नाही. तिच्यातून निघालेल्या ‘न्यू गार्डियन्स’ मालिकेत एचआयव्ही पसरवणारा हिमोगॉब्लिन नावाचा रक्तपिपासू आहे, आणि पुढे एक्स्त्रान्योला एचआयव्हीची लागण झाल्याचे दिसते. आमच्या भागात हे तसेच सोडून देता येत नाही. एचआयव्ही कोणा एका प्रकारच्या माणसांचा आजार नाही, शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने तो होत नाही, आणि शासकीय एआरटी केंद्रांत त्याची औषधे मोफत मिळतात, हे त्याच बैठकीत आणि त्याच आवाजात सांगावे. शक्य असल्यास आशाताईंना बोलावून त्यांच्याकडून सांगवावे. त्यांचे लोक अधिक ऐकतात.

मधली पायरी झपाट्याने घेता येते. १९८८च्या ‘सुपरमॅन’च्या १५व्या अंकात मेट्रोपोलिसची पोलीस अधिकारी मॅगी सॉयर ही स्त्रियांवर प्रेम करते हे शब्द न वापरता पण न लपवता येते. १९८९मध्ये आचारसंहिता पुन्हा लिहिली गेली, तिच्यात लैंगिक कल (कोणाला कोणाविषयी ओढ वाटते ते) संवेदनशीलतेने दाखवावा अशी भाषा आली, आणि १९९१च्या ‘फ्लॅश’च्या ५३व्या अंकात पूर्वी खलनायक असलेला पाइड पायपर साध्या गप्पांच्या ओघात वॉली वेस्टला, म्हणजे फ्लॅशला, सांगून टाकतो, की मी समलिंगी आहे. वॉली गडबडतो, अवघडतो, पण मैत्री तुटत नाही. कोणाचा मृत्यू नाही, आजार नाही, विदूषकाचा रंग नाही. मला हा प्रसंग नॉर्थस्टारच्या घोषणेपेक्षा अधिक आवडतो.

आता, चौथ्या संध्याकाळी, ‘अल्फा फ्लाइट’चा १०६वा अंक उघडावा. मार्च १९९२, लेखक स्कॉट लॉबडेल. लढाईच्या ढिगाऱ्यात नॉर्थस्टारला टाकून दिलेली एक तान्ही मुलगी सापडते, तिला एड्स झालेला असतो, तो तिला दत्तक घेतो. सगळा कॅनडा त्या बाळासाठी हळहळतो. मेजर मेपललीफ हा दुसऱ्या महायुद्धातला म्हातारा नायक मात्र पिसाळतो, कारण त्याचा समलिंगी मुलगा याच आजाराने गेला तेव्हा कोणी डोळ्यांतून टिपूस काढले नव्हते. मारामारीच्या मध्येच नॉर्थस्टार बोलतो: ज्यांचा काही संबंध नाही त्यांच्याशी मी याविषयी बोलत नाही, पण मी समलिंगी आहे. चित्रे बटबटीत आहेत, संवाद भाषणबाज आहेत, हे मोकळेपणाने मान्य करावे. पण या वेळी तो बारावीचा मुलगा ‘एवढंच?’ म्हणाला नाही. त्याने विचारले की मग पुढच्या अंकांत काय झाले. फारसे काही झाले नाही. १९९४मध्ये नॉर्थस्टारच्या नावाने चार अंकांची मालिका निघाली आणि तिने हा विषय जवळजवळ बाजूलाच ठेवला. वॉइल्डस्टॉर्म या प्रकाशनाचे अपोलो आणि मिडनायटर हे दोन नायक १९९८मध्ये आले, २००२मध्ये त्यांचे लग्न झाले. नॉर्थस्टारचे लग्न २०१२पर्यंत लांबले. मार्वलने २००१मध्ये आचारसंहिता सोडली, २०११मध्ये तो शिक्काच संपला. वेर्थमच्या आरोपांनंतर १९५६मध्ये बॅटमनला जोड म्हणून आणलेली बॅटवूमन २००६मध्ये नव्या रूपात परतली ती समलिंगी म्हणून, हे मात्र शेवटी जरूर सांगावे. हशा हमखास मिळतो.

बैठक संपताना मते विचारण्याची फेरी घेऊ नये. नॉर्थस्टारच्या त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग गावालाही लागू आहे: कोणाकडे पाहून बोलू नये, कोणाचे लग्न का झाले नाही याचा तर्क करू नये, आणि कोणी तसा विनोद केलाच तर हसत-हसत पण तेथल्या तेथे तोडावा. उलट, ज्याला एकट्याने वाचायचे आहे त्याची सोय करावी. आम्ही वाचलेल्या अंकांची यादी, क्रमांक आणि सालासह, वेताळाच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे, आणि लॅपटॉप वापरण्याच्या नोंदवहीत फक्त तारीख व वेळ लिहितो. दार उघडून उभा असलेला माणूस जुना वेताळ शोधतो आहे की यादी वाचतो आहे, हे बाहेरून कोणाला सांगता येत नाही.